दर्शनी चौरस फुटाचं सुतारकाम

लाकडी कामाचा दर्जा जोखायचा असेल तर सनमायकाची झळाळी पाहू नये. कपाटाचं दार उघडून बिजागरीपाशी डोकवावं. स्क्रूच्या डोक्यावरची फुली चेचलेली आणि भोवतीच्या प्लायचा पापुद्रा उचकटलेला दिसला, तर तो स्क्रू पिळून बसवलेला नाही असं खुशाल समजावं. त्याचा बराचसा भाग हातोडीनं ठोकलेला आहे आणि शेवटचे दोन आटे तेवढे फिरवलेले आहेत. आट्यांनी लाकडाचे तंतू धरून ठेवायचे असतात, पण ठोकलेला स्क्रू तेच तंतू फाडत आत शिरतो. पहिल्या वर्षी काही जाणवत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात दार खाली बसतं, एका सुताचा फरक अर्ध्या इंचावर जातो, आणि मग घरमालक म्हणतात, "हल्ली चांगले सुतार राहिलेच नाहीत."

आधी बारीक भोक पाडून मग स्क्रू पिळायचा, याला फार तर मिनिटभर जास्त लागतो. स्क्रू ठोकणाऱ्यालाही हे माहीत असतं. स्वतःच्या घराचं दार बसवताना तो बहुधा तसं ठोकणार नाही. म्हणून सुतारकामाच्या घसरलेल्या दर्जाबद्दल बोलताना 'कौशल्य संपलं' एवढं म्हणून भागत नाही. ज्याला येतं तोही ते करत नाही, आणि न केल्यानं त्याचं काहीच अडत नाही, अशी व्यवस्था गेल्या साठ-सत्तर वर्षांत कशी तयार झाली, हे पाहायला हवं. मला दिसतं ते असं: काम करणारा आणि काम वापरणारा यांच्यामध्ये जसजशी माणसं आणि आवरणं वाढत गेली, तसतसा दर्जा खाली आला. जिथे ते दोघे अजून समोरासमोर आहेत, तिथे तो आजही टिकून आहे.

गावगाड्यातला सुतार घ्या. नांगर, कुळव, जू, मोटेचं चाक, दाराची चौकट, पाळणा, सगळं त्याच्याकडे. त्याच्या कसबाची खरी परीक्षा तिफणीत होती. तिफणीच्या वर लाकडी चाडं असतं. त्यात मूठमूठ बी सोडलं की ते भोकांतून नळ्यांत आणि नळ्यांतून तासात पडतं. तिन्ही भोकं सारख्या आकाराची आणि सारख्या उताराची नसली तर एका तासात दाट पेरणी होते, दुसऱ्यात विरळ. फणांमधलं अंतर चुकलं तर पुढे कोळपणी करताना पीकच उपटून येतं. ही चूक झाकता येत नसे. पेरणीनंतर आठ-दहा दिवसांत पीक उगवून यायचं आणि सुतारानं काय केलंय ते बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसायचं. शिवाय सुगीला खळ्यावर बलुतं घ्यायला त्याच शेतकऱ्यापुढे उभं राहायचं असे.

बैलगाडीच्या चाकाचंही तसंच. मधला तुंबा बाभळीचा, त्यात ठोकून बसवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर जोडलेले पुठे आणि त्यावर लोहारानं तापवून चढवलेली लोखंडी धाव. धाव लाल असताना चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं, म्हणजे ती आवळून सगळे सांधे घट्ट करते. पण आऱ्याची कूस आणि तुंब्याचं भोक मुळातच ढिलं असेल तर धाव किती आवळणार? असं चाक भरल्या गाडीखाली ओढ्याच्या उतारावर बोलतं. सुतार आणि लोहार एकमेकांच्या चुका लगेच ओळखत, कारण एकाचं काम दुसऱ्याच्या कामावर उभं असे.

हे सांगताना बलुतेदारीचं गुणगान करायचं नाही. सुताराच्या मुलानं सुतारच व्हायचं आणि दुसऱ्या जातीतल्या मुलानं रंध्याला हात लावायचा नाही, ही व्यवस्था अन्यायाचीच होती. त्यातून सगळी कामं उत्तम होत असंही नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली आलेल्या 'गावगाडा'त बलुतेदारांवर कडक टीका आहे. वतन हक्काचं, बलुतं ठरलेलं, त्यामुळे हुन्नर वाढवायची ओढ राहत नाही, असा तिचा रोख आहे. म्हणजे सुताराच्या हयगयीची तक्रार शंभर वर्षांहून जुनी आहे. ती जातिव्यवस्था गेली याचं दुःख नाही. तिच्यासोबत कामाची रोजची उघड तपासणीही गेली आणि तिच्या जागी दुसरी कोणतीच तपासणी आली नाही, ही खरी अडचण आहे.

खेड्यातल्या सुताराला पहिला धक्का लोखंडानं दिला. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर आले, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगर खोल चालतो, टिकतो, त्यामुळे शेतकऱ्यानं तो घेतला यात चूक काही नव्हतं. पुढे रबरी टायरची 'डनलॉप' गाडी आली आणि आरे-पुठ्यांचं चाक मागे पडलं, विजेच्या मोटारीनं मोट घालवली, ट्रॅक्टरनं उरलंसुरलं. पिढ्यान्‌पिढ्या तासलेल्या हातांपुढे काम उरलं ते दारं-खिडक्यांचं आणि बांधकामाच्या सेंट्रिंगचं. जे शिकले ते नोकरीत गेले, आणि ते योग्यच झालं. ज्या घरात तीन पिढ्या रंधा चालला त्या घरातली मुलगी आज इंजिनिअर असेल तर तो ऱ्हास नव्हे.

शहरात लाकूडकामाची वेगळी परंपरा होती. पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला. त्याच्या दर्शनी भागातलं सागवानी कोरीवकाम रस्त्यावरून जाणारा कोणीही थांबून पाहू शकतो. पण वाड्याचं खरं सुतारकाम कोरीवकामात नसून सांगाड्यात असतं. दगडी तळखड्यावर खांब, खांबावर हस्त, त्यावर तुळई, वर कडीपाट. घराचं माप खांबांमधल्या 'खणां'नी मोजायचं. हे सगळं कूस-खाचेच्या सांध्यांनी जोडलेलं, शक्यतो खिळ्याविना. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि तो सांधा त्याला तेवढी मोकळीक देतो. आज वाडा जतन करताना खांबाचा कुजलेला बुडखा तेवढा कापून तिथे नवं सागवान सांधायचं असतं. वरचा भार पेलत दोन लाकडं एकजीव होतील असा तिरका सांधा घ्यावा लागतो. हे काम करणारे हात महाराष्ट्रात आहेत, पण फार थोडे, आणि त्यांतले बरेच वयस्कर.

मुंबईत एकोणिसाव्या शतकात शिसवीच्या कोरीव फर्निचरचा मोठा व्यापार होता. मेडोज स्ट्रीटवर त्याच्या पेढ्या होत्या आणि 'बॉम्बे ब्लॅकवुड' म्हणून ते फर्निचर परदेशी जाई. त्याचं कोरीवकाम मला स्वतःला जरा जडच वाटतं. पण ज्या सांध्यांवर ते उभं आहे ते दीडशे वर्षांनंतरही हललेले नाहीत, हे लिलावघरांतले नमुने पाहिले की पटतं.

घराघरांतल्या लाकडी कपाटाची जागा गोदरेजच्या पोलादी कपाटानं घ्यायला सुरुवात केली ती १९२३ नंतर. तरीही सुतार टिकला. त्याच्या कामाची जात बदलली ती प्लायवूड, फेव्हिकॉल आणि सनमायका या तिघांनी मिळून.

त्याआधी सुताराकडे चिकटवायला सरस असे. जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला, विस्तवावर पातळ करून लावायचा, आणि दमट हवेत सुटणारा. सरसावर भरवसा नसल्यामुळे सगळा भार सांध्यावर. खणाच्या कोपऱ्यात डव्हटेल सांधा नसेल तर खण हातात यायचा. १९५९ मध्ये पिडिलाइटनं फेव्हिकॉल आणलं. थंडच लावायचं, वास नाही, पकड जबरदस्त. सुतारांचे कष्ट त्यानं खरोखर कमी केले. नीट बसलेल्या सांध्यात हा गोंद लाकडापेक्षाही मजबूत धरतो, म्हणजे दोष गोंदाचा नाही. पण तो फट भरून काढत नाही आणि सुकेपर्यंत लाकडं आवळून धरावी लागतात. हे दोन्ही नियम मोडूनही काम तात्पुरतं उभं राहतं, असं लक्षात आल्यावर सांधा हळूहळू गळून पडला. दोन प्लायच्या कडा एकमेकींना टेकवायच्या, गोंद फासायचा, हवेच्या गननं पिना मारायच्या, झालं.

प्लायवूडचं काही वाईट नाही. मोठ्या रुंदीचा, न पिळवटणारा फळा साध्या लाकडातून मिळत नाही. चांगलं प्लाय म्हणजे काय हेही आपल्याकडे कागदावर नीट लिहिलेलं आहे. मरीन प्लायच्या आयएस ७१० या मानकात नमुना ७२ तास उकळून पापुद्रे सुटतात का ते पाहतात. २०२५ मध्ये केंद्रानं प्लायवूडवर भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का सक्तीचा केला, तोही चांगला निर्णय. पण बाजारात '१९ एमएम' म्हणून विकत घेतलेला फळा मापला की सतराच्या आसपास भरतो, हा अनुभव सुतारांना नवा नाही. त्यावर बिजागरीसाठी ठरल्या खोलीचा खड्डा घेतला की मागून ड्रिल आरपार येतं. मग कारागिराला बोल लागतो.

तिसरी गोष्ट सनमायका. एक मिलिमीटरचा हा पत्रा म्हणजे राळेत भिजवून दाबलेले कागद आणि वर लाकडाच्या रेषांचं छापील चित्र. त्याखाली काय आहे ते कुणालाच दिसत नाही. जोडकाम उघडं असे तेव्हा सुताराला ते नीट करणं भाग होतं. आता ते चोवीस तासांत झाकलं जातं. सिंकखालच्या कपाटात प्लायच्या कापलेल्या कडा उघड्याच राहतात, कारण तिथे वाकून पाहणार कोण? पाणी तिथूनच आत शिरतं.

लाकूडही बदललं. १९८० चा वनसंवर्धन कायदा आला. मग गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशानं मंजूर कार्ययोजनेविना होणारी वृक्षतोड थांबवली आणि जंगलांतल्या बिनपरवाना आरागिरण्या बंद केल्या. जंगलांसाठी ते गरजेचंच होतं. पण बाजारातला जुना, गाभ्याचा साग त्यानंतर दुर्मिळ झाला. ब्रह्मी सागाची गोल ओंडक्यांच्या रूपातली निर्यात म्यानमारनं २०१४ मध्ये थांबवली. आज रे रोडच्या किंवा पुण्यात भवानी पेठेच्या वखारीत घाना, इक्वेडोर, कोस्टारिका इथल्या लागवडीचा साग मिळतो. तो कोवळ्या झाडांचा. त्यात पांढरा भाग जास्त, आणि पांढऱ्याला वाळवी सोडत नाही.

शिवाय लाकूड सुकवायला कुणाला वेळ नाही. कोकणात फणसाचं किंवा आंब्याचं लाकूड आधी पाण्यात बुडवून ठेवून मग सावलीत महिनोन्‌महिने वाळवत, कारण लगेच वापरलं तर ते घरात बसल्यावर आकसणार हे ठाऊक होतं. भारतीय मानकानं तर देशाचे हवेच्या दमटपणानुसार चार विभाग पाडून प्रत्येक विभागात चौकटीच्या, फर्निचरच्या लाकडात किती टक्के ओल चालेल हे ठरवून दिलंय. लाकडातली ओल मोजणारं यंत्र मुठीत मावतं, फार महाग नाही. तरी ते बाळगणारा ठेकेदार विरळा. जूनमध्ये दार अडकलं की सुतार येऊन रंधा मारतो, जानेवारीत त्याच दाराखालून उजेड दिसतो.

आता मुद्दा पैशांचा. माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

शहरात भिंतीच्या कपाटाचा दर 'चौरस फुटावर' ठरतो. हा चौरस फूट कशाचा? कपाटाच्या दर्शनी भागाचा: उंची गुणिले रुंदी. आत किती कप्पे, किती खण, पाठीमागे सहा मिलिमीटरचं प्लाय की तीनचं, खणाचा तळ खाचेत सरकवलेला की खालून पिना मारलेला, याला त्या मापात जागा नाही. सात बाय सात फुटांचं कपाट म्हणजे ४९ चौरस फूट, आत पोकळ असो की दहा खणांचं. या हिशेबात ठेकेदारानं जे मिनिट आणि जो रुपया आत वाचवला तो त्याचा नफा, आणि जो आत लावला तो त्याचं नुकसान. घरमालकानं नकळत केलेला करारच असा आहे की दिसेल तेवढ्याचे पैसे मिळतील. त्याला उत्तर म्हणून न दिसणारं काम वाईट होत जाणं हे अटळ होतं. यात कारागिराची नियत शोधत बसण्यात अर्थ नाही.

त्यात साखळी लांब. घरमालक, त्याचा इंटिरिअर डिझायनर, त्याच्याखाली कॉन्ट्रॅक्टर, त्याच्याखाली मजुरीवर काम घेणारा ठेकेदार, आणि सगळ्यांत शेवटी कटर चालवणारा पोरगा. प्रत्येक पायरीवर दरातला एक वाटा कापला जातो. प्लाय आणि बिजागऱ्यांच्या दुकानातून वर कुणाला तरी कमिशन जातं, हे त्या बाजारात कुणी लपवतही नाही. शेवटच्या माणसापर्यंत पोचलेल्या दरात स्क्रू पिळायचं मिनिट बसत नाही. त्या माणसाचं नावही घरमालकाला माहीत नसतं. काम संपलं की तो दुसऱ्या साइटवर जातो, सुट्टीला गावी जातो, पुढच्या वर्षी मुंबईऐवजी सुरतेला असतो. ज्या दाराची त्यानं बिजागरी ठोकली ते दार बसलेलं तो कधीच पाहणार नाही.

मुंबई-पुण्यातल्या साइटवर राजस्थानचे सुथार आहेत, उत्तर प्रदेश-बिहारची मुलं आहेत. 'बाहेरचे आले आणि काम बिघडलं' हा सूर मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो मला पूर्ण चुकीचा वाटतो. या टोळ्यांत असे मिस्त्री आहेत की नुसत्या नजरेनं गुण्याबाहेर गेलेला कोपरा सांगतील. पण कामाची वाटणीच अशी झाली आहे की नव्यानं आलेला मुलगा पूर्ण कपाट शिकतच नाही. एक जण फळे कापतो, एक सांगाडा ठोकतो, एक सनमायका मारतो, पॉलिशवाला वेगळाच. चार वर्षं सनमायकाच मारणाऱ्याला लाकडाची रेषा कोणत्या बाजूनं रंधायची हे कळायचं कुठून?

हे सगळे साइटवरच राहतात, तिथेच स्टोव्ह, तिथेच झोप. कोपऱ्यात एमडीएफचा भुसा साचलेला. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलं आणि या फळ्यांच्या गोंदातून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइडलाही पुढे त्याच यादीत टाकलं. तोंडाला गमछा बांधण्यापलीकडे बचाव नाही. प्लायच्या तुकड्याखाली उलटं बसवलेलं कटर मशीन, त्याला पातं झाकणारं कव्हर नाही, बोटं गेल्याच्या कहाण्या प्रत्येक टोळीत. ज्या धंद्यात माणसाच्या बोटांचीच किंमत कुणी धरत नाही, त्या धंद्यात सांध्याची किंमत कोण धरणार?

शिक्षणाचं काय? १८९१ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत लॉर्ड रे यांच्या नावानं कार्यशाळा निघाल्या, त्यांत लाकडावरचं कोरीवकाम शिकवलं जाई. स्वातंत्र्यानंतर आयटीआय आल्या. त्यांत सुतारकामाचा अभ्यासक्रम आहे: आठवी उत्तीर्ण, मुदत एक वर्ष. जर्मनीत याच कामाची उमेदवारी तीन वर्षांची असते. आठवड्यातले बहुतेक दिवस कारखान्यात उस्तादाच्या हाताखाली आणि उरलेले शाळेत. तीन वर्षांत मुलगा किमान दोन पावसाळे स्वतःच्या हातचं काम कसं वागतं हे पाहतो. आपल्या एका वर्षात तो प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतो तेव्हा त्याचं पहिलं दार अजून फुगलेलंही नसतं.

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतार पहिला आहे. ओळखपत्र, अवजारांसाठी १५ हजार रुपये, स्वस्त कर्ज, प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये भत्ता. गावातल्या सुताराला चांगला रंधा, चांगलं ड्रिल घेता आलं तर आनंदच आहे. पण मूळ प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचं आणि पुढचं पंधरा दिवसांचं. एवढ्यात अवजाराची ओळख होते, हात बसत नाही.

याची किंमत परदेशात उघडी पडली. इस्रायलच्या बांधकामांवर भारतातून गेलेल्या कामगारांपैकी अनेकांचं कौशल्य तिथल्या कामाला पुरत नसल्याच्या बातम्या २०२४ मध्ये आल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात पुण्याच्या औंध आयटीआयमध्ये नवी भरती झाली, आणि हव्या असलेल्या कामांत शटरिंगचं सुतारकाम होतं. त्याआधी फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तिथे जाणाऱ्या मुलांना जर्मन भाषा शिकवण्याची धडपड सुरू आहे, ती हवीच. पण ज्या देशात तीन वर्षांच्या उमेदवारीशिवाय कुणाला सुतार म्हणत नाहीत तिथे आपली एक वर्षाची तयारी घेऊन मुलगा उभा राहिला तर त्याच्या वाट्याला काय येईल, याची मला काळजी वाटते.

शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथली पद्धत मला महत्त्वाची वाटते. मुलं नमुने करून फळीवर मांडत नाहीत, गावातल्या लोकांसाठी खरी कामं करतात. घेणारा पैसे मोजतो आणि खुशाल नावंही ठेवतो. अशा कामात जे शिकलं जातं ते परीक्षकापुढे ठेवलेल्या तुकड्यात शिकलं जात नाही.

दर्जा टिकलेला पाहायचा असेल तर मिरजेला जावं. तंबोरा आणि सतार करणाऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यांचा लौकिक त्याहून कितीतरी जुना. तुणीच्या लाकडाची दांडी, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणि दोघांचा सांधा. त्या सांध्यात किंचित ढिलाई असली तर तारा लावल्यावर दांडी वाकते आणि सूर हलतो. गिऱ्हाईक समोर मांडी घालून बसतं, जुळवतं, ऐकतं, आणि पटलं नाही तर वाद्य तिथेच खाली ठेवतं. चौरस फुटाचा दर तिथे चालणारच नाही. गोव्यातही जुन्या घरांची आणि चॅपेलांतल्या वेदींची कामं करणारे चारी कारागीर अजून आहेत. ज्या घराची ती वेदी, त्याच घरात कारागिराच्या बापानंही काम केलेलं असतं, आणि त्यामुळे हा मेस्त, म्हणजे कारागीर, आपलं नाव राखून काम करतो.

याउलट एक गोष्ट मनाला लागते. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी सागवान गेलं ते चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं, मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून. दारं घडवली ती हैदराबादच्या एका लाकूड-व्यवसायामार्फत तमिळनाडूतून आलेल्या कारागिरांनी. त्या कारागिरांबद्दल मला आदरच आहे. तिथल्या देवळांची आणि रथांची कामं थांबली नाहीत म्हणून ते हात तयार राहिले. जगातला एक उत्तम साग ज्या राज्यात पिकतो, त्या राज्याला एवढ्या मोठ्या कामासाठी स्वतःचे हात पुढे करता आले नाहीत, याचा विचार मात्र आपण करायला हवा.

कारखान्यातल्या मॉड्युलर फर्निचरबद्दल थोडक्यात. सीएनसी यंत्र अर्ध्या मिलिमीटरनं चुकत नाही, कडेची पट्टी गरम गोंदानं सलग बसते, बिजागरीचं भोक ठरल्या जागी पडतं. साइटवर केलेल्या सरासरी कामापेक्षा ते आज सरस आहे, हे मान्य करायलाच हवं. पण शेवटी ते बसवायचं असतं आपल्या भिंतीवर, आणि ती ओळंब्यात नसते. काटकोनातलं कपाट वाकड्या कोपऱ्यात कसं मिळवायचं हे पुन्हा सुताराचंच काम. तिथे त्याला भिंतीची रेघ फळीवर उतरवून कड तासावी लागते. ते न येणारा सिलिकॉनची नळी दाबतो. म्हणजे यंत्र आल्यानं कुशल हाताची गरज संपली नाही, ती शेवटच्या दोन तासांत गोळा झाली आहे, आणि नेमक्या त्या दोन तासांचाच दर सगळ्यांत कमी आहे.

कायद्यानं एक दार अर्धवट उघडलं आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ (३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कारागिरीत दोष दाखवून दिला तर विकासकानं तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा. म्हणजे बिल्डरनं बसवलेलं मुख्य दार फुगलं तर जाब विचारता येतो. फार थोडे रहिवासी तो विचारतात. पण ताबा घेतल्यावर लाखो रुपये खर्चून आपण जे कपाट, जी किचन ट्रॉली, जो पलंग करून घेतो, त्याला रेरा लागू नाही. तिथे ग्राहक न्यायालयात जाता येतं, पण करार बहुधा व्हॉट्सअॅपवरच्या दोन ओळींचा असतो.

इथे काही गोष्टी लगेच करता येतील. कपाटाचं मोजमाप दर्शनी क्षेत्रफळाऐवजी वापरलेल्या फळ्यांवर आणि खणांच्या संख्येवर करता येतं. कारखाने आतला हिशेब तसाच करतात, साइटवर तो अवघड नाही. बिलातला दहावा हिस्सा एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायचा, आणि तो ठेकेदाराच्या नव्हे तर कारागिराच्या नावानं, म्हणजे दार समायोजित करायला परत येणाऱ्या माणसाला त्याचा मोबदला मिळेल. गृहनिर्माण संस्था आजही अंतर्गत कामाच्या परवानगीचा अर्ज भरून घेतात, अनामत घेतात, राडारोडा कुठे टाकायचा ते सांगतात. त्याच अर्जात काम करणाऱ्या सुतारांची नावं आणि फोन नंबर लिहायला एक रकाना वाढवला, आणि तो अर्ज फाइलमध्ये पाच वर्षं ठेवला, तर चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराचं नीट काम कोणी केलं होतं हे सहाव्या मजल्यावरच्या कुटुंबाला विचारता येईल, आणि त्या सुताराला पुढचं काम त्याच्या हातांच्या जोरावर मिळेल.